निवडणुकीच्या आधीची निवड
राष्ट्रपतिपदाचा उमेदवार कोण ठरवतो?

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांत एक प्रश्न हमखास निघतो : ‘यंदा आपला माणूस होणार का?’ प्रश्न स्वाभाविक आहे. ज्या समाजाला शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले गेले त्याने देशाच्या सर्वोच्च पदाकडे अपेक्षेने पाहावे, यात गैर काही नाही. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या पदाचा उमेदवार ठरवतो कोण? माझे म्हणणे थोडक्यात असे की खरी निवड मतपेटीत होत नाही, ती उमेदवारी ठरवणाऱ्या बंद खोलीत होते. आणि त्या खोलीत आपले नाव घेतले जाते, आपल्याला बोलावले जात नाही.

आधी कायदा पाहू. घटनेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. नामनियुक्त सदस्यांना मत नाही, विधान परिषदेलाही नाही. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा अशी सूचना प्रा. के. टी. शहा यांनी घटना समितीत मांडली होती. १९४८ च्या अखेरीस बाबासाहेबांनी तिला विरोध केला. एवढ्या प्रचंड मतदारसंघाची निवडणूक चालवण्याची अडचण त्यांनी दाखवली. शिवाय ज्या पदाकडे प्रत्यक्ष कारभाराची सत्ता नाही त्यासाठी देशभर निवडणूक घेण्यात अर्थ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे राष्ट्रपती आमदार-खासदारांनी निवडावा, हे घटनाकारांनी विचारपूर्वक ठरवले. त्या आमदार-खासदारांपुढे नाव कोणी ठेवायचे, हे मात्र घटनेने सांगितलेले नाही.

मी थेरगावात राहतो. वडील भोसरीच्या एमआयडीसीत कामगार होते. महाविद्यालयाची पायरी चढलेला घरातला मी पहिला. वर्गात हा विषय शिकवताना मी फळ्यावर गावचेच उदाहरण मांडतो. थेरगाव चिंचवड विधानसभा मतदारसंघात येते. या निवडणुकीत महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. राज्याची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागायचे आणि पुन्हा १००० ने भागायचे, की १७५ येतात. आजही १९७१ च जनगणना धरली जाते, कारण १९७६ च्या ४२ व्या आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ते आकडे गोठवले आहेत. १९७१ साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका एक वर्षाची होती. आज एकट्या चिंचवड मतदारसंघात पाच लाखांहून अधिक मतदार आहेत, पण मूल्य १७५ च. मराठवाड्यातून, विदर्भातून पोट भरायला या पट्ट्यात आलेली माणसे या हिशेबात अजून आलेलीच नाहीत, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात.

तरीही हा आमदार कागदावर बराच मोकळा आहे. मतदान गुप्त असते. पक्षाला या निवडणुकीत व्हिप काढता येत नाही आणि पक्षाच्या उमेदवाराला मत दिले नाही म्हणून आमदारकी जात नाही. उमेदवारी अर्जाला ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. ही अट १९९७ पासूनची आहे. त्यापूर्वी, १९७४ पासून, दहा-दहा पुरत असत.

आता हिशेब करून पाहा. लोकसभेत अनुसूचित जातींचे ८४ आणि अनुसूचित जमातींचे ४७ असे १३१ राखीव खासदार आहेत. महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींच्या २९ आणि जमातींच्या २५ राखीव जागा आहेत. सूचक-अनुमोदक मिळून हवेत शंभर. हे प्रतिनिधी एकत्र आले तर स्वतःच्या बळावर आपला उमेदवार उभा करू शकतात. कायदा आडवा येत नाही. तरी तसे घडत नाही. का घडत नाही, हे कळले म्हणजे सगळी यंत्रणा कळली. हे प्रतिनिधी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात आणि पुढचे तिकीट पक्षाच्याच हाती असते. गुप्त मतपत्रिका एका दिवसाची, तिकिटाचा धाक पाच वर्षांचा.

आणि पक्षांच्या या अधिकारावर कायद्याचा काय अंकुश आहे? जवळजवळ नाही. मूळ घटनेत राजकीय पक्षाचा उल्लेखच नव्हता; तो आला १९८५ साली, पक्षांतरबंदीच्या ५२ व्या दुरुस्तीने. १९८९ पासून पक्षांची नोंदणी कायद्याने होऊ लागली, पण पक्षाने उमेदवार कसा निवडावा याबद्दल कायदा मुका आहे. त्यामुळे पक्षाचे संसदीय मंडळ बसते किंवा आघाडीच्या नेत्यांची बैठक होते, आणि नाव जाहीर होते. उमेदवार राज्यांची बेरीज जमवणारा हवा, मित्रपक्षांना नाकारता न येणारा हवा आणि पुढे अडचणीचा न ठरणारा हवा, या तीन कसोट्या न लिहिताही सर्वांना पाठ असतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६९ चे. ३ मे रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैत बंगलोरला काँग्रेसचे संसदीय मंडळ बसले. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले. वर्ष गांधीजींच्या जन्मशताब्दीचे होते. पण मंडळाने बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांना पसंत केले, आणि त्या बहुमतात आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण व मुंबईचे स. का. पाटील हे दोघेही होते. पुढे इंदिराजींनी सद्सद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याचे आवाहन केले, पण तोवर जगजीवनराम यांचे नाव बाजूला पडलेले होते. ते आवाहन अपक्ष व्ही. व्ही. गिरी यांच्या कामी आले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने उभे केलेले मराठी उमेदवार चिंतामणराव देशमुख तिसरे आले. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. वर्षअखेर काँग्रेस फुटली आणि मुंबईच्या अधिवेशनात जगजीवनराम इंदिरा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. लढाईत त्यांचे नाव शस्त्र म्हणून उचलले गेले आणि काम भागताच खाली ठेवले गेले. ते नाव हवे की नको, हे देशातल्या एकाही दलित मतदाराला कोणी विचारले नव्हते.

१९९७ साली चित्र वेगळे दिसले. के. आर. नारायणन यांना संयुक्त आघाडी, काँग्रेस आणि भाजप या सर्वांचा पाठिंबा मिळाला. त्यांना ९,५६,२९० मूल्याची मते पडली, विरोधात टी. एन. शेषन यांना ५०,६३१. शेषन यांच्यामागे शिवसेना उभी होती, आणि त्या वेळी ती महाराष्ट्रात सत्तेवर होती. तीच शिवसेना २००७ साली आघाडी मोडून प्रतिभाताई पाटील यांच्या बाजूने गेली, कारण उमेदवार मराठी होत्या. कोणती अस्मिता कधी ‘आपली’ ठरते, हे या दोन निवडणुका शेजारी ठेवल्या की उघड होते.

नारायणन यांनी पदाला वजन आणले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. १९९७ साली उत्तर प्रदेशाबाबत आणि १९९८ साली बिहारबाबत राष्ट्रपती राजवटीची शिफारस त्यांनी परत पाठवली; दोन वेळा, दोन वेगळ्या पक्षांच्या सरकारांकडे. घटनेच्या फेरआढाव्याची भाषा सुरू झाली तेव्हा, जानेवारी २००० मध्ये, घटनेने आपल्याला निराश केले की आपण घटनेला, असा सवाल त्यांनी भर सभेत केला. ‘हे पद रबरी शिक्का आहे, त्याची चर्चा कशाला?’ असे म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र २००२ साली त्यांना दुसरी संधी मिळाली नाही. सत्ताधारी आघाडीने डॉ. अब्दुल कलाम यांचे नाव पुढे केले. पदावर बसवणारे जे असतात, न बसवणारेही तेच असतात.

मग २०१७ आले. १९ जून रोजी भाजपने बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांचे नाव जाहीर केले. तीन दिवसांनी विरोधी पक्षांनी मीरा कुमार यांना उभे केले. निकाल ७,०२,०४४ विरुद्ध ३,६७,३१४. दोन दलित उमेदवार समोरासमोर आले म्हणून अनेकांना आनंद झाला. पण मीरा कुमार या जगजीवनराम यांच्या कन्या. बापाचे नाव जिंकता येण्याजोग्या लढतीतून गाळले गेले आणि अठ्ठेचाळीस वर्षांनी मुलीला उमेदवारी मिळाली, ती पराभव जवळजवळ निश्चित असताना. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ही लढाई विचारांची आहे, दलित विरुद्ध दलित अशी तिची मांडणी करू नका, असे त्या सांगत राहिल्या, ऐकले थोड्यांनी. २०२२ साली द्रौपदी मुर्मू यांच्या रूपाने पहिल्यांदा आदिवासी समाजातील व्यक्ती या पदावर आली. या घटनेचे मोल मी कमी लेखत नाही. पण ही निवडही वरच्याच मंडळाने केली होती.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्ष राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका घेतात. तेथेही पैशाचे आणि पुढाऱ्यांचे वजन असतेच. २०२४ साली बायडेन प्राथमिक फेऱ्या जिंकूनही बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांची उमेदवारी पक्षप्रतिनिधींनी ठरवली. तरी त्या पद्धतीत वंचिताला हरण्यासाठी का होईना एक उघडे मैदान मिळते. मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला त्याच १९७२ साली शर्ली चिझम ही कृष्णवर्णीय स्त्री तेथे उमेदवारी मागायला उभी राहिली आणि हरली. १९८४ व १९८८ मध्ये जेसी जॅक्सन हरले. २००८ मध्ये ओबामा जिंकले. उघड हरण्यातून लोक तयार होतात, बंद खोलीतल्या नकारातून होत नाहीत.

आणि ही पद्धत आपल्याला परकी नाही. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार येथून जवळच, येरवड्याच्या तुरुंगात झाला. त्यात प्रत्येक राखीव जागेसाठी आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची यादी निवडायची आणि मग संयुक्त मतदारसंघाने त्या चौघांतून एक निवडायचा, अशी तरतूद होती. १९४५-४६ च्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला या प्राथमिक फेरीत अनेक ठिकाणी आपल्या समाजाची चांगली साथ मिळाली, आणि अंतिम फेरीत संयुक्त मतदारसंघाने जवळजवळ सर्वत्र पराभव केला. बाबासाहेबांनी ब्रिटिश कॅबिनेट मिशनपुढे हाच मुद्दा मांडला. स्वतंत्र भारताच्या घटनेत राखीव जागा राहिल्या, ती प्राथमिक फेरी राहिली नाही. उमेदवार ठरवण्याचा हक्क तेव्हापासून पूर्णपणे पक्षाकडे गेला.

हे दिल्लीतच घडते असे नाही. महापालिकेच्या निवडणुकीत थेरगाव-काळेवाडीच्या पट्ट्यात राखीव प्रभागाचा एबी फॉर्म शेवटच्या रात्री कोणाच्या हाती पडतो, हे येथले कार्यकर्ते जाणतात. वस्तीत वर्षानुवर्षे काम केलेला बाहेर राहतो, आणि ज्याच्याकडून गावच्या पुढाऱ्याला कधी त्रास होणार नाही तो आत जातो. रायसीना टेकडीवरची निवड आणि प्रभागातली निवड यांची रीत एकच आहे.

म्हणून कामाची सुरुवात खालून करावी लागेल. राखीव प्रभागाचा उमेदवार वस्तीच्या खुल्या सभेत ठरावा, असा आग्रह प्रत्येक पक्षातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी धरावा. राखीव जागेवरील आमदार-खासदारांना राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीआधी जाहीरपणे विचारावे : तुमच्या मताचे मूल्य १७५ असो की ७००, ते वापरण्यापूर्वी तुम्ही कोणाला विचारले? पक्षांतर्गत उमेदवार निवडीला कायद्याची चौकट असावी, ही मागणी आरक्षणाच्या मागणीइतक्याच जोराने मांडावी. ‘आपला माणूस होणार का?’ हा प्रश्न सोडून द्यायचा नाही. त्याच्या आधी ‘कोणी ठरवला?’ हा प्रश्न जोडायचा. तो विचारला नाही तर आपली माणसे मोठ्या खुर्च्यांवर बसतील आणि समाज मात्र सभागृहाबाहेर टाळ्या वाजवत उभा राहील.