विकासाधीन आवृत्तीचे अखंड प्रलेखन : पायथन भाषेच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुद्रित ग्रंथाची नवी आवृत्ती पूर्ण झाल्यावरच वाचकांच्या हाती येते. प्रोग्रॅमिंग भाषेचे अधिकृत प्रलेखन मात्र भाषेची पुढील आवृत्ती घडत असतानाच प्रसिद्ध होऊ शकते. या पद्धतीचे स्वरूप व मर्यादा पायथन भाषेच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कार्यपद्धती :
पायथनचा सोर्स कोड व तिचे प्रलेखन एकाच रिपॉझिटरीत ठेवले जाते. २००८ मध्ये २.६ या आवृत्तीपासून हे प्रलेखन लाटेकऐवजी स्फिंक्स या प्रणालीवर आधारलेले आहे. लेखक खुणांसह साधा मजकूर लिहितो आणि स्फिंक्स त्यापासून वेबपृष्ठे तयार करते. बदल मान्य झाल्यानंतर सर्व्हर पुढील फेरीत नवी पृष्ठे आपोआप प्रसिद्ध करतो. स्थिर व विकासाधीन आवृत्त्यांचे पत्ते स्वतंत्र असतात. ३.९ (२०२०) पासून नवी आवृत्ती दरवर्षी साधारणतः ऑक्टोबरमध्ये येते. तत्पूर्वी अल्फा, बीटा व अंतिम उमेदवार असे टप्पे असतात. बीटा टप्प्यापासून नव्या सुविधांची भर थांबते; त्यामुळे प्रलेखनातून लक्षात येणाऱ्या उणिवा त्याआधी निदर्शनास येणे विशेष उपयुक्त ठरते.

एक उदाहरण :
पायथनमध्ये चल व फलन यांना प्रकारदर्शक टिपा जोडता येतात. या टिपांचे मूल्यन लगेच न करता पुढे ढकलावे, ही पेप ५६३ मधील तरतूद ३.१० मध्ये सर्वत्र आपोआप लागू होणार होती. अल्फा टप्प्यातील प्रलेखनात तशी नोंदही होती. परंतु टिपांचा प्रत्यक्ष कार्यवाहीच्या वेळी उपयोग करणाऱ्या काही लायब्ररींना यामुळे बाधा येईल, असे आक्षेप आले. एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे बीटा टप्प्याच्या तोंडावर, हा बदल मागे घेण्यात आला व प्रलेखनही त्यानुसार बदलले. पुढे ३.१४ (२०२५) मध्ये या प्रश्नावर वेगळा उपाय स्वीकारण्यात आला.

निष्कर्ष :
विकासाधीन प्रलेखन हा भाषेचा खर्डा होय. त्याला प्रमाण मानता येत नाही. ते उघड ठेवल्याने दोष वेळीच आढळतात. पण काल वाचलेले विधान उद्या त्याच पत्त्यावर असेलच असे नाही. म्हणून अध्यापकांनी टिपणे व प्रश्नपत्रिका तयार करताना स्थिर आवृत्तीच वापरावी, पृष्ठावरील आवृत्तीक्रमांक तपासावा आणि संदर्भ देताना तो क्रमांक व पाहिल्याची तारीख अवश्य नोंदवावी.