चेसिस एक, बॉड्या अनेक

लिनक्स ही एक संगणकप्रणाली आहे, असे आपण ऐकतो आणि वहीत तसे लिहूनही घेतो. मग एक जण म्हणतो, मी उबुंटू वापरतो. दुसरा म्हणतो, मी मिंट. तिसरा डेबियनचे नाव घेतो. आणि तिघेही छातीवर हात ठेवून सांगतात की आम्ही लिनक्सच वापरतो. ही काय भानगड आहे, ते मला कोणत्याही पुस्तकापेक्षा वडिलांच्या कामावरून लवकर उमगले. माझे वडील ट्रकची बॉडी बांधणाऱ्या गॅरेजात वेल्डर आहेत. कंपनीतून ट्रक येतो तेव्हा पुष्कळदा तो नुसती चेसिस असतो. इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि चालवत आणणाऱ्या ड्रायव्हरला बसण्यापुरती जागा, एवढेच. मग गॅरेजवाला मालकाला विचारतो, ऊस वाहायचा की दूध? त्याप्रमाणे त्याच चेसिसवर उघडी बॉडी चढते किंवा टाकी बसते. रंग, आरसे, मागची अक्षरे ही ज्याची त्याची हौस.

काटेकोर बोलायचे तर लिनक्स ही चेसिस आहे. तिला कर्नल म्हणतात. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक यांच्याशी थेट बोलणारा गाभा तो हाच. त्यावर खिडक्या, मेनू, ब्राउझर, लेखनाचे साधन आणि नवे प्रोग्राम आणून बसविण्याची व्यवस्था असे सगळे जोडून जे तयार होते, ते ‘डिस्ट्रिब्यूशन’. बोलीत डिस्ट्रो. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा हे सारे बॉडी बांधणारे. आपल्या हातातला अँड्रॉइड फोनदेखील याच चेसिसवर उभा आहे, आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. म्हणजे चेसिस कच्ची आहे अशी शंका कोणी घेऊ नये.

ही चेसिस हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रथम ओतली. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने ती जाहीर केली तेव्हा त्याचे वय २१ होते, आणि ती त्याच्या स्वतःच्या ३८६ प्रोसेसरच्या यंत्रापुरतीच लिहिलेली होती. भोवतीची बरीच हत्यारे मात्र आधीच तयार होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातली. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केले. नाव ठेवले ते मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन या दोघांची नावे जोडून. डेबियनवर २००४ मध्ये उबुंटू उभे राहिले आणि उबुंटूवर २००६ मध्ये मिंट. एकाने बांधलेल्या बॉडीवर दुसऱ्याने कलाकुसर करावी, आणि पहिल्याने त्याला हरकत न घेता आपले नकाशेही उघडे ठेवावेत, असा हा व्यवहार आहे. आमच्या गॅरेजांच्या रांगेत तो चालणार नाही.

इतिहास एवढा पुरे. प्रश्न पैशांचा होता. द्वितीय वर्षाला आल्यावर संगणकाची गरज पडू लागली आणि घरात साडेनऊ हजारांची सोय झाली. वडिलांनी गॅरेजमालकाकडून उचल घेतली. एवढ्या पैशांत नवा लॅपटॉप येत नाही. जुना येतो, आणि सध्या बराच बरा येतो. कारण असे की २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा मोठमोठ्या कार्यालयांनी वापरलेली थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक अशी दणकट यंत्रे, अंगाने धडधाकट असूनही, बाजारात जुनी म्हणून येऊन पडली. लिनक्सला त्या अटी नाहीत. चौथ्या पिढीचा प्रोसेसर त्याला पुष्कळ होतो.

पण कोणतेही यंत्र उचलावे आणि लिनक्स चढवावे, असे मात्र नाही. येथे ड्रायव्हर हा शब्द समजून घेतला पाहिजे. यंत्रातला प्रत्येक भाग, वाय-फायची चिप, ध्वनीची चिप, कॅमेरा, आपापली भाषा बोलतो. ती भाषा प्रणालीला समजावून सांगणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोजसाठी हा दुभाषी भाग बनविणारी कंपनीच पाठविते. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषी कर्नलच्या घरातच राहतात. काही कंपन्यांच्या नोकरांनी लिहिलेले, काही निव्वळ हौशी लोकांनी. कंपनीने चिपची माहिती दिली तर काम सोपे. नाही दिली तर कोणा बापड्याने चाचपडत ती भाषा शोधून काढायची. त्याला वेळ लागतो. म्हणून आज बाजारात आलेल्या यंत्रापेक्षा पाच-सात वर्षांपूर्वीचे यंत्र लिनक्सवर अधिक सुरळीत चालण्याचा संभव असतो. जुने ते सोने ही म्हण निदान येथे तरी अक्षरशः खरी आहे.

यावर उपाय फार चांगला आहे आणि तो फुकट आहे. बहुतेक डिस्ट्रो पेनड्राइव्हवर उतरवून, यंत्रातल्या डिस्कला हात न लावता, तात्पुरत्या चालविता येतात. याला लाइव्ह म्हणतात. मिंटची फाइल सुमारे तीन जीबीची. मोबाईलच्या रोजच्या डेटात ती मावत नाही; मी ती ग्रंथालयातल्या वाय-फायवर एका दुपारी उतरविली आणि आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढविली. तो पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून मी दुकानात गेले.

दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, “ताई, बघायचंय काय त्यात? मी विंडोज टाकून देतो की, फुकटात.” ती फुकटातली विंडोज कोठून येते हे विचारायचे नसते. मी म्हटले, काका, मला फक्त दहा-दहा मिनिटे बसू द्या. पहिले यंत्र देखणे होते. सुरू झाले, पडदा आला, आवाज आला. वाय-फायच्या यादीत मात्र काहीच नाही. दुकानदाराने लगेच विंडोजवर सुरू करून दाखविले, तेथे ते उत्तम चालत होते. त्याचे म्हणणे खरे आणि माझेही खरे. चिपच्या कंपनीने दुभाषी एकाच घरी पाठविला होता. दुसऱ्या यंत्रात सगळे ठीक. पण झाकण मिटून पुन्हा उघडले तर पडदा काळाच राहिला. हे झाकण मिटून पाहणे कोणी विसरू नये. दुकानात ते क्षुल्लक वाटते आणि घरी दिवसातून दहा वेळा छळते. तिसऱ्याच्या पाठीवर ओरखडे होते, ‘एन’ या कळीवरचे अक्षर पुसून गेले होते, पण वाय-फाय, ध्वनी, कॅमेरा, उजेड कमी-जास्त करण्याच्या कळी, ब्लूटूथ, झाकण अशी सगळी परीक्षा ते उत्तीर्ण झाले. तेच घेतले. आठ हजारांत मिळाले. उरलेल्या पैशांत काही भर घालून जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली. ज्याच्याजवळ थोडेच पैसे आहेत त्याने ते प्रथम येथेच घालावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. फिरत्या डिस्कमध्ये तबकडी फिरून सुई त्या जागी जाईपर्यंत वाट पाहावी लागते. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. यंत्र तेच, पण दोन मिनिटांनी जागे होणारे आता वीस सेकंदांत जागे होते.

आवडलेल्या यंत्राचे वाय-फाय बोलत नसेल तरी अगदीच हताश होण्याचे कारण नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला देता येते, आणि ते लिनक्सला सहसा लगेच कळते. तेवढ्यावर पुष्कळदा राहिलेला ड्रायव्हर उतरवून घेता येतो. काही चिपांना फर्मवेअर नावाचा आणखी एक तुकडा लागतो. तो चिपच्या पोटात भरायचा असतो आणि त्याचे नकाशे बहुधा बंद असतात. म्हणून तत्त्वनिष्ठ डेबियनवाले कित्येक वर्षे तो आपल्या मुख्य फाइलमध्ये ठेवीत नसत. २०२२ मध्ये त्यांनी आपसांत मतदान घेतले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून तो आत आला. तत्त्व आणि सोय यांच्यातला वाद मतपेटीने मिटविणारे हे संगणकवाले मला आपल्या राज्यशास्त्राच्या वर्गात शोभतील असे वाटतात.

डिस्ट्रो कोणती घ्यावी यावर मित्रमंडळींत हातघाईवर येतात. माझे म्हणणे थोडक्यात सांगते. रॅम चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही आवृत्ती घ्यावी. तिचा थाट साधा आहे आणि भूक कमी. आठ असेल तर मिंटचीच सिनॅमन. नवनव्या गोष्टींची हौस असेल तर फेडोरा, पण तिची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिनेच सांभाळली जाते, मग पुढची घ्यावी लागते. आर्चविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. ते यंत्र वापरण्यापेक्षा बांधण्यात अधिक रमतात. परीक्षेच्या दिवसांत तो छंद परवडणारा नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार आहे. तोवर माझे एम.ए. व्हावे अशी आशा आहे.

आता कला शाखेच्या दृष्टीने मुख्य प्रश्न: मराठीचे काय? कळफलकाच्या यादीतून मराठी निवडले की इनस्क्रिप्ट मांडणी मिळते. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. ही मांडणी भारतीय लिप्यांना समान आहे. जेथे आपला क, तेथेच कानडीचा आणि बंगालीचाही क. बोटांना सवय व्हायला मला तीन आठवडे लागले. तेवढ्यात ‘ऱ्या’चा उलगडा झाला. दुसऱ्या, सुऱ्या, तऱ्हा यांतला हा र साधा नव्हे. शिफ्ट धरून र ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ उमटतो, मग हलन्त, मग य, आणि पडद्यावर आपला पापणीसारखा रफार येतो. हिंदीवाल्यांना हे दुखणे नाही, म्हणून त्याविषयी सहसा कोणी सांगतही नाही.

जुन्या टंकांचे प्रकरण याहून अवघड. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असतात. तो टंक यंत्रात नसला की ‘मराठी विभाग’ऐवजी निव्वळ इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे टंक बदलला तरी मजकूर बदलत नाही. रेड हॅटने मुक्त केलेला लोहित टंक यासाठी मिळतो. पण आपल्याकडची अनेक छापखान्यांतली कामे अजून जुन्या टंकांत चालतात, आणि त्यांची साधने विंडोजवरच मिळतात. या ठिकाणी लिनक्स अपुरे पडते, हे मान्य केलेच पाहिजे. माझा एक निबंध छपाईसाठी रूपांतरित होऊन आला तेव्हा त्यातले सगळे ‘ऱ्या’ मोडलेले होते. एकेक हाताने दुरुस्त केला.

आणखीही अडचणी आहेत. मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर बसत नाही. लिबरऑफिसमध्ये सरांनी पाठविलेली फाइल उघडते, पण तक्ते कधी कधी इकडेतिकडे सरकतात; म्हणून आपण पाठविताना पीडीएफ करून पाठवावी. प्रिंटरचेही वाय-फायसारखेच. एचपीच्या पुष्कळ प्रिंटरांना कंपनीनेच मुक्त ड्रायव्हर दिला आहे, अलीकडचे वाय-फायवाले प्रिंटर बहुधा ड्रायव्हरविनाच चालतात, पण काही स्वस्त लेझर प्रिंटर ढिम्म हलत नाहीत. शिष्यवृत्तीचे आणि परीक्षेचे अर्ज फायरफॉक्समधून मी याच यंत्रावर भरले. धाकटा भाऊ त्यावर दहावीचे व्हिडिओ पाहतो आणि त्याला प्रणालीचे नावही ठाऊक नाही.

वडिलांनी एकदाच विचारले, हे फुकट देतात तर त्यांचे पोट कशावर चालते? मी सांगितले, की काही जण पगारी आहेत, मोठ्या कंपन्यांना ही चेसिस लागते म्हणून त्या पैसे देतात, बाकीचे हौशी. त्यावर ते म्हणाले, “मग हौशीवाल्यांचं वेल्डिंग बघून घे.” तेच करीत असते.

कोणाला आपल्या यंत्रावर लाइव्ह चालवून पाहायचे असेल, तर तो पेनड्राइव्ह अजून माझ्याजवळ आहे. दुपारी दोननंतर मी ग्रंथालयाच्या खिडकीजवळच्या टेबलावर असते. येताना चार्जर मात्र आणावा. जुन्या बॅटऱ्यांचा भरवसा नाही.