नवी-जुनी बॅटरी एका जुवाला जुंपू नका



पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप आता गावोगाव दिसतो. काही हंगाम गेले की त्याची बॅटरी दमते. रात्रभर चार्ज केलेला पंप चार-पाच टाक्यांतच धापा टाकू लागतो. मग मनात येतं, जुनीच्या जोडीला एक नवी लावू, काम भागेल. विचार काटकसरीचा वाटतो. पण यात नवी बॅटरीही खराब होते आणि वेळप्रसंगी पाठीवर आग लागू शकते. असं का, ते समजून घ्या.

समांतर जोडणी

अधिकाला अधिक, उण्याला उणे जोडलं की व्होल्ट तेवढेच राहतात, साठा वाढतो. पण एक भरलेला आणि एक रिकामा हौद तळाशी पाइपाने जोडला तर काय होईल? भरलेल्यातलं पाणी रिकाम्यात धावेल. तसंच इथे होतं. 12 व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरली की सुमारे 12.7 व्होल्ट दाखवते; उतरलेली 11.7 च्या आसपास. फरक 1 व्होल्टचाच. पण दोन्ही बॅटऱ्या आणि तारा मिळून अडथळा 0.05 ओहम धरला, तर जोडताक्षणी 20 अँपिअर करंट धावतो. तार तापते, वेष्टण वितळतं. पुढेही जुनी बॅटरी नवीचा साठा खात बसते.

एकसर जोडणी, म्हणजे सिरीज

एकीचं अधिक दुसरीच्या उण्याला जोडलं की व्होल्टची बेरीज होते. दोन बारांचे 24 होतात. 12 व्होल्टच्या पंपाला ते द्याल तर मोटार जळेल. 24 व्होल्टच्या यंत्रालाही नवी-जुनी जोडी चालत नाही. तगड्या बैलाशेजारी थकलेला बैल जुंपला तर औत थकलेल्याच्याच चालीने चालतं. दुबळी बॅटरी आधी रिकामी होते, तरी तगडी तिच्यातून करंट रेटत राहते आणि तिची घरं उलटी भरू लागतात. चार्ज करताना पुन्हा दुबळीच आधी भरते, तापते आणि हायड्रोजन वायू सोडते. त्याला ठिणगी लागली तर स्फोट होतो.

जात वेगळी, चार्जर वेगळा

लिथियम आणि शिसे-आम्ल यांची जोडी कधीच लावू नका. तीन सेलचा साधा लिथियम संच 12.6 व्होल्टला काठोकाठ भरतो; शिसे-आम्लाचा चार्जर 14 व्होल्टच्याही वर नेतो. संचातलं संरक्षक सर्किट निकामी असेल तर लिथियम पेट घेतो.

मग करावं काय?

1. दोन बॅटऱ्या असतील तर आळीपाळीने वापरा. एक उतरली की काढून दुसरी लावा. प्रत्येकीला तिच्या जातीच्या चार्जरने वेगवेगळं चार्ज करा.

2. सारखी काढ-घाल नको असेल तर जाणत्या वायरमनकडून असा टू-वे स्विच बसवून घ्या, की एका वेळी एकच बॅटरी चालेल.

3. समांतर जोडायच्याच असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या, तेवढ्याच अँपिअर-तासाच्या आणि एकदमच घेतलेल्या दोन नव्या घ्या. दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, दोन-तीन तास ठेवा, मग मल्टिमीटर लावा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जोडू नका. प्रत्येकीच्या अधिक तारेत फ्यूज हवाच. लिथियमचे संच मात्र कंपनीने तशी मुभा दिली असेल तरच जोडा.

4. फुगलेली, गळकी किंवा तापणारी बॅटरी लगेच बाजूला काढा. चार्जिंग कडब्याजवळ किंवा अंथरुणाशेजारी करू नका.

5. बाद झालेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, जाळू नका. दुकानदाराकडे परत द्या. शिसं माती-पाण्यात उतरलं की काढणं फार अवघड असतं.

एक बॅटरी बदलायचा खर्च डोळ्यांना दिसतो. न दिसणारा खर्च पंपाचा, पिकाचा आणि तुमच्या पाठीचा असतो. तेव्हा जोडणीआधी दोन मिनिटं थांबा आणि मल्टिमीटर लावून पाहा.