लोकमताचा कौल आणि प्रश्नाची भाषा



प्रश्नपत्रिका काढण्यांत ज्याचें अर्धें आयुष्य गेलें, अशा माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला एक गोष्ट पुरती ठाऊक असते. उत्तर विद्यार्थी लिहितो खरा. परंतु त्यानें कोणत्या वाटेनें जावें हें बरेंचसें प्रश्नानेंच ठरविलेलें असतें. शाळेच्या चार भिंतींत घडणारी ही गोष्ट मोठमोठ्या राष्ट्रांच्या कारभारांतहि कशी घडते, तें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

विषयाकडे वळण्यापूर्वीं माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतों. एका खेडेगांवांत मी मुख्याध्यापक असतांना उन्हाळ्यांत शाळा सकाळची करावी असें माझ्या मनांत होतें. पालकांची सभा बोलावून मीं विचारलें, "मुलांना भर दुपारच्या उन्हांतून जावें लागूं नये, म्हणून शाळा सकाळीं भरवावी असें आपणांस वाटतें ना?" झाडून सारे हात वर गेले. सभा संपल्यावर एक बाई दाराशीं घुटमळल्या व म्हणाल्या, "गुरुजी, सकाळचं मी मजुरीला जाते. धाकट्याला थोरलीच संभाळते. आतां तिची शाळा बुडणार." मीं विचारलें, "मग हात कशाला वर केलात?" त्या म्हणाल्या, "पोरांनी उन्हांत करपावं असं कोण म्हणेल?"

मीं पालकांचें मत विचारलेंच नव्हतें. माझेंच मत त्यांच्या हातांनीं वर करून घेतलें होतें. शाळा सकाळची झाली. हजेरीपटावर त्या मुलीच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण करतांना तो प्रश्न मला दररोज आठवत असे.

लोकमत मोजण्याचें शास्त्र अमेरिकेंत विशेष वाढीस लागलें. सन १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळीं 'लिटररी डायजेस्ट' नांवाच्या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि मतपत्रिका टपालानें पाठविल्या. त्यांतील चोवीस लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असें भाकित वर्तविण्यांत आलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट प्रचंड बहुमतानें निवडून आले. उलट जॉर्ज गॅलप यांनीं त्याहून पुष्कळच थोड्या, पण विचारपूर्वक निवडलेल्या लोकांना विचारून विजयी कोण तें बिनचूक सांगितलें. 'कोणाला विचारावें' हा धडा जग त्या वर्षीं शिकलें. 'कसें विचारावें' हा दुसरा धडा मात्र अधिक अवघड ठरला.

त्या धड्याचें एक जुनें उदाहरण डोनल्ड रग या संशोधकानें १९४१ सालीं प्रसिद्ध केलें. लोकशाहीविरुद्ध जाहीर भाषणें करण्यास 'परवानगी द्यावी काय' असें विचारलें असतां शेंकडा ६२ लोकांनीं 'देऊं नये' असें सांगितलें. तशाच दुसऱ्या एका गटाला अशा भाषणांवर 'बंदी घालावी काय' असें विचारलें, तेव्हां 'घालावी' म्हणणारे शेंकडा ४६ च निघाले. परवानगी न देणें आणि बंदी घालणें यांत व्यवहारतः फरक तो काय? पण 'बंदी' हा शब्द कठोर आहे. तो उच्चारतांना माणूस कचरतो.

आतां सरकारी आरोग्यविम्याकडे वळूं. अध्यक्ष ट्रूमन यांनीं नोव्हेंबर १९४५ मध्यें सर्व नागरिकांसाठीं राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढें ठेवली. तेथील डॉक्टरांच्या 'अमेरिकन मेडिकल असोसिएशन' या संस्थेनें तिला कडाडून विरोध केला, आणि १९४९ या एका वर्षांत प्रचारावर सुमारें १५ लाख डॉलर खर्च केले. त्या प्रचाराचें मुख्य शस्त्र म्हणजे 'सोशलाइज्ड मेडिसिन' हे दोन शब्द. औषधोपचारहि समाजवादी होणार, असा त्यांचा ध्वनि होता. रशियाविषयींच्या धास्तीच्या त्या काळांत हें नांव योजनेला चिकटलें आणि योजना मागें पडली. पुढें ३० जुलै १९६५ रोजीं मुख्यतः पासष्ट वर्षांवरील नागरिकांकरितां 'मेडिकेअर' या नांवानें सरकारी विमा मंजूर झाला, आणि त्याचें पहिलें कार्ड वृद्ध ट्रूमन यांनाच देण्यांत आलें.

नांवाचा हा प्रभाव अद्यापि ओसरलेला नाहीं. कैसर फॅमिली फाउंडेशन या संस्थेच्या चांचणींत 'सर्वांसाठीं मेडिकेअर' या शब्दांविषयीं अनुकूल भावना असणारे शेंकडा ६३ निघाले. 'सोशलाइज्ड मेडिसिन' या शब्दांविषयीं ४६. तसेंच अध्यक्ष ओबामा यांच्या कारकीर्दींतील २०१० च्या कायद्याला दोन नांवें आहेत. एक अधिकृत, 'अफोर्डेबल केअर ॲक्ट', म्हणजे परवडणाऱ्या शुश्रूषेचा कायदा. दुसरें बोलीतलें, 'ओबामाकेअर'. सन २०१३ मध्यें सीएनबीसी या वृत्तवाहिनीनें निम्म्या लोकांना एका नांवानें व निम्म्यांना दुसऱ्या नांवानें विचारलें. 'ओबामाकेअर'ला विरोध करणारे शेंकडा ४६, तर अधिकृत नांवाला विरोध करणारे ३७ आढळले. गंमत अशी कीं, पाठिंबाहि 'ओबामाकेअर'लाच अधिक मिळाला: २९ विरुद्ध २२. अधिकृत नांवाच्या बाबतींत शेंकडा ३० लोकांनीं आपणांस माहिती नसल्याचें सांगितलें. अर्थात् व्यक्तीचें नांव येतांच लोकांनीं कायदा बाजूस ठेवून व्यक्तीविषयींचें मत दिलें.

याहून बोधप्रद प्रसंग २००९ सालचा आहे. खासगी कंपन्यांच्या जोडीला सरकारनेंहि विमा-योजना चालवावी काय, हा वाद तेव्हां पेटला होता. एनबीसी व 'वॉल स्ट्रीट जर्नल' यांनीं जूनमध्यें विचारलें कीं, लोकांना सरकारी व खासगी अशा दोन्ही योजनांतून निवड करतां येणें कितपत महत्त्वाचें आहे? शेंकडा ७६ लोकांनीं तें अत्यंत किंवा बरेंच महत्त्वाचें असल्याचें सांगितलें. ऑगस्टमध्यें त्यांनींच प्रश्न बदलला: खासगी कंपन्यांशीं थेट स्पर्धा करणारी सरकारी योजना काढणें आपणांस पसंत आहे काय? आतां पसंती दर्शविणारे ४३ आणि नापसंती दर्शविणारे ४७ झाले. दोन महिन्यांत लोकांचें मन पालटलें म्हणावें, तर त्याच ऑगस्टमध्यें सर्व्हेयूएसए या दुसऱ्या संस्थेनें निवडीचा जुना प्रश्न पुन्हां विचारला, आणि ७७ लोकांनीं तीस महत्त्व दिलें.

पहिल्या प्रश्नांत 'निवड' हा गोड शब्द आहे. शिवाय एखादी गोष्ट महत्त्वाची मानणें आणि ती पसंत असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रश्नांत निवड अदृश्य झाली आणि सरकार कंपन्यांशीं झुंजावयास उभें राहिलें. दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचा आंकडा मिळाला. ती सरकारी योजना २०१० च्या कायद्यांत आलीच नाहीं. त्याचीं कारणें अनेक होतीं. पण वाद ऐन रंगांत असतांना लोकांना काय हवें आहे याचा सरळ पुरावा कोणाच्याच हातीं नव्हता, हें कांहीं थोडें नुकसान नव्हे.

तर मग लोकमत म्हणून कांहीं नसतेंच काय? तसें नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें कैसर संस्थेनें केलेली चांचणी पाहा. सर्वांना एकाच सरकारी योजनेखालीं आणण्यास शेंकडा ५६ लोक अनुकूल होते. ही योजना आरोग्यविम्याचा हक्क सर्वांना देईल असें सांगतांच ते ७१ झाले. तीमुळें बहुतेकांना अधिक कर भरावा लागेल असें सांगतांच ३७ वर आले. यांत कोणी खोटें बोललें नाहीं. आजारपणांत आपण उघड्यावर पडूं नये ही इच्छा खरी; खिशाला चाट बसेल ही भीतीहि खरी. आपल्या मनांत मत हें कणगींतल्या धान्यासारखें साठविलेलें नसतें, कीं माप घातलें आणि मोजून घेतलें. फारसा विचार न केलेल्या विषयावर अनोळखी मनुष्य अचानक विचारतो, आणि त्याचा प्रश्न मनाच्या ज्या कोपऱ्यावर दिवा धरतो त्या कोपऱ्यांतलें उत्तर बाहेर येतें.

म्हणून कौलाचे आंकडे फेंकून देऊं नयेत. ते तपासून घ्यावेत. पहिली गोष्ट, प्रश्न मूळ शब्दांत छापला आहे काय तें पाहावें. नसेल तर आंकड्यावर विसंबूं नये. दुसरी, लाभ व किंमत दोन्ही सांगितलीं आहेत, कीं एकच? तिसरी, 'मला ठाऊक नाहीं' असें प्रामाणिकपणें म्हणण्यास वाव ठेवला आहे काय? चौथी, त्या प्रश्नाच्या आधीं कोणते प्रश्न विचारले होते? करांच्या ओझ्याविषयीं चार प्रश्न झाल्यावर विम्याविषयीं पांचवा विचारला, तर उत्तर त्या ओझ्याखालूनच येणार. आणि एकाच विषयावर निरनिराळ्या शब्दांत विचारलेले कौल शेजारीं शेजारीं ठेवून वाचावेत. त्यांतील अंतरच आपणांस खरी बातमी सांगतें.

आज तो प्रश्न पुन्हां विचारावयाचा झाला, तर मी असें विचारीन: "शाळा सकाळची केल्यास मुलांचें ऊन टळेल, पण ज्यांना सकाळीं घरांत मुलांची मदत लागते त्यांची अडचण होईल. आपणांस काय सोयीचें आहे?" कदाचित् निर्णय तोच झाला असता. पण त्या बाईंना आपली अडचण दाराशीं थांबून नव्हे, तर भर सभेंत सांगतां आली असती, आणि त्या मुलीसाठीं कांहीं वेगळी सोय सुचली असती. प्रश्न विचारणाऱ्यानें लोकांचें इतकें देणें तरी फेडावयास हवें.