धुतल्यानंतर रुसलेले इंजिन

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांवर मजल मारली. पूर ओसरताच बडोद्यात घरोघरी धुणे निघाले, ते कपड्यांचे नव्हे, वाहनांचे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचा मालवाहू ट्रक त्यांतच होता. चाके बुडाली होती; परंतु पाणी इंजिनाच्या हवेच्या नळीपर्यंत पोहोचले नव्हते व तेल दुधाळ झाले नव्हते, हे सुदैव. (आत पाणी शिरले असता स्टार्टर फिरवणेच घातक, पाणी हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.) चिखल काढण्यासाठी मुलांनी जोरदार फवाऱ्याने इंजिन धुतले आणि त्यानंतर ते सुरूच होईना.

एका कारागिराने इंजिनाचा संगणक बदलण्यास सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून घरात कोणी बोलेना. हप्ता तर डोक्यावर होताच.

यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नसे आणि एकदा सुरू झाले की विजेवाचून त्याचे फारसे अडतही नसे. आता इंधन केव्हा व किती सोडायचे हे संगणक ठरवतो. २०२० च्या एप्रिलपासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर तर सेन्सरांची संख्या वाढतच गेली. प्रत्येक सेन्सरला एक कनेक्टर, आणि प्रत्येक कनेक्टर म्हणजे पाण्याला एक दार! फवाऱ्याच्या जोरापुढे त्यातील रबरी सील टिकेलच असे नाही.

आम्ही ज्या वृद्ध मिस्त्रींना घेऊन गेलो, त्यांनी हत्यारांना हात लावण्यापूर्वी किल्ली फिरवावयास सांगितली व नुसते ऐकले. स्टार्टर जोमाने फिरत होता. म्हणजे बॅटरी आणि अर्थिंग यांवर संशय नको. तो मंद फिरता, तर मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून त्यांनी पाहिले असते. स्टार्टर फिरताना तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दिसले की अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल समजावी. फ्यूज शाबूत निघाले. मग त्यांनी दाखवले, की इंजिन फिरत असूनही फेऱ्यांचा काटा शून्यावरून हलत नाही. क्रँकच्या सेन्सरचा संदेश पोहोचत नसावा, असा त्यांचा तर्क. तो न मिळाल्यास संगणक डिझेल सोडतच नाही.

बॅटरीची तार काढून त्यांनी तो कनेक्टर उघडला. सील दुमडलेले, आत गढूळ पाणी, पिनांवर हिरवट थर. कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून, हलक्या हवेने वाळवून, नवे सील बसवले. इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. इतक्या सोप्या कामासाठी संगणक फेकला जाणार होता, याचा आम्हांला राग आला, हे लपवीत नाही.

महिन्याभराने खड्ड्यात गचका बसला, की ट्रक बंद पडू लागला. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून तारांचा जुडगा हळूहळू हलवला. एका जागी ते अडखळले. तेथे वरून आवरण धडधाकट होते, आत मात्र तांबे काळवंडलेले. पाणी बारीक धाग्यांमधून वर चढले होते. चकचकीत तांबे दिसेपर्यंत, चांगली चार बोटे, तार कापून त्यांनी नवा तुकडा जोडला.