स्नोमोबाइलची मंदावलेली शक्ती आणि थ्रॉटलची सुरक्षा

क्वेबेक प्रांतातील व्हॅल्कूर या गावी जोझेफ-आर्मान्द बोंबार्दिए या यंत्रज्ञाने 1959 साली ‘स्की-डू’ ही हलकी बर्फगाडी विक्रीस आणली. पुढील दीड-दोन दशकांत स्नोमोबाइल हे वाहन कॅनडात व अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत सर्वपरिचित झाले. पुढे दोन स्की, मागे बर्फ कापीत फिरणारा रुंद रबरी पट्टा आणि हँडलच्या उजव्या मुठीपाशी अंगठ्याने दाबावयाची थ्रॉटलची तरफ, अशी तिची रचना असते. गुलमर्गला गेलेल्या आपल्या वाचकांनी ती पाहिलीही असेल. ही वाहने दीर्घकाळ टिकतात व एका हातातून दुसऱ्या हातात जातात. जुनी गाडी घेणाऱ्याची नेहमीची तक्रार अशी, की इंजिन सुरू होते, पण गाडी ओढत नाही.

येथे पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा : तरफ दाबल्यावर इंजिनाचा वेग वाढतो की नाही? इंजिन गर्जते पण गाडी रेंगाळते, असे असेल तर दोष बहुधा शक्ती वाहून नेणाऱ्या भागांत असतो. दोन कप्प्यांवरून फिरणारा पट्टा झिजून अरुंद झाला किंवा त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या, म्हणजे तो घसरू लागतो. त्याची रुंदी मोजून मार्गदर्शिकेतील आकड्याशी ताडून पाहिली, की उलगडा होतो.

इंजिनच वेग घेत नसेल, तर प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. उन्हाळाभर कार्बुरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट साका उरतो. सुईच्या अग्राएवढी छिद्रे बुजण्यास तो पुरेसा असतो. हवेच्या पेटीत उंदरांनी केलेले घरटे हा विनोद नव्हे, तेही पाहावे लागते. कार्बुरेटर व इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीस चीर पडली असेल, तर जादा हवा आत शिरून मिश्रण विरळ होते. द्विआघाती इंजिनात असे मिश्रण इतकी उष्णता निर्माण करते, की दट्ट्या वितळू शकतो. म्हणून स्पार्क प्लग पांढराफटक दिसल्यास ‘जरा चालवून पाहू’ हा मोह टाळणेच बरे. काळा व ओला प्लग याच्या उलट, म्हणजे इंधन जास्त होत असल्याचे, सुचवितो.

हे सर्व तपासूनही दोष सापडत नाही, तेव्हा एका लहानशा भागाकडे वळावे लागते. कार्बुरेटरमधील झडप तरफेस बांधलेल्या तारेने वर उचलली जाते व तरफ सोडताच स्प्रिंगच्या जोराने खाली येते. परंतु बाष्पीभवनाने इंधन थंडावते, हवेतील बाष्प गोठते आणि झडप वरच्या स्थितीत अडकू शकते. अंगठा निघाला तरी इंजिन धावतच राहते आणि समोर झाडे असतात. हा अनर्थ टळावा म्हणून अनेक गाड्यांत तरफेजवळ स्विच बसविलेला असतो. झडप अडकली, की तार सैल पडते. ते ओळखून स्विच ठिणगी तोडतो. काही गाड्यांत तरफेचा व कार्बुरेटरचा असे दोन स्विच असून त्यांची स्थिती परस्परांशी ताडली जाते.

आता जुन्या गाडीतील तार मुळातच ढिली असेल किंवा स्विचच्या जोडावर गंज चढला असेल, तर झडप मोकळी असूनही ठिणगी तुटते. इंजिन अडखळते, वेग घेत नाही, आणि मालक दोन-दोन दिवस कार्बुरेटर साफ करीत बसतो. मग कोणी जाणता सांगतो, की ती वायर काढून टाक. वायर काढताच गाडी सुरेख धावते आणि ती तशीच पुढच्या गिऱ्हाइकास विकली जाते! जुनी गाडी घेताना ही जोडणी शाबूत आहे की नाही, हे प्रथम पाहावे असे मी म्हणेन.

परीक्षा करावयाची ती इंजिन बंद ठेवून. तरफ दाबून एकदम सोडावी; झडप तळाशी आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे. हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवूनही तार ताणली जाता कामा नये. तारेचा ढिलेपणा मार्गदर्शिकेप्रमाणे जुळवावा, कार्बुरेटर दोन असल्यास त्यांच्या झडपा एकाच वेळी उचलल्या जातात हे पाहावे, जोड स्वच्छ करावे. तरीही संशय उरल्यास गाडीचा मागचा भाग भक्कम घोडीवर उचलून, पट्ट्यामागे कोणासही उभे राहू न देता आणि इंजिन बंद करण्याच्या बटणावर हात ठेवून, स्विच क्षणभर वगळून पाहता येतो. दोष तेथेच आहे असे कळले, म्हणजे तो भाग बदलावा व जोडणी पूर्ववत करावी.

गॅरेजच्या उबेत मोकळी चालणारी तार बाहेर मात्र गोठू शकते, कारण तिच्या आवरणात पाणी साचलेले असते. म्हणून गाडी एक रात्र बाहेर थंडीत ठेवून, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, तरफेची हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.