मराठी मजकुराखालील तांबड्या रेषा
संगणकावर मराठी मजकूर टंकलिखित करताना पुष्कळदा शब्दांखाली तांबड्या नागमोडी रेषा उमटतात, तर परिच्छेदांच्या शेवटी अनोळखी खुणा दिसतात. या दोन्ही गोष्टी पडद्यापुरत्याच असून छापील प्रतीत उतरत नाहीत. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट व ८ या कळा एकत्र दाबल्यास खुणा लपतात. रेषा बहुधा मजकुराची भाषा इंग्रजी नोंदली गेल्याने उमटतात. म्हणून मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’मधील ‘लँग्वेज’ या पर्यायातून मराठी नेमावी.

मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसल्यास मात्र दोष निराळा असतो. मजकूर जुन्या, युनिकोडेतर टंकातील असून तो टंक त्या संगणकावर नसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. अन्यथा ग्रामसभेचा ठराव पंचायत समितीत पोहोचूनही वाचता येणार नाही.